ओटीपी दादाच्या फोनवर

आमच्या वऱ्हाडात एका घराचा एकच मोबाइल असतो. म्हणजे फोन प्रत्येकाच्या हातात असतो, लेकरंही त्यावर दिवसभर काहीबाही बघत असतात. पण बँकेत, आधारला, पॅनला, गॅसच्या नोंदणीला जो नंबर दिलेला असतो तो एकच, घरच्या कर्त्या पुरुषाचा. आईची पेन्शन जमा झाली की मेसेज मुलाला. बायकोच्या ठेवीवर व्याज आलं की खिसा वाजतो नवऱ्याचा. मी अमरावतीत कर सल्लागार म्हणून बसते. दर जुलैत माझ्या टेबलासमोर एखादी बाई बसलेली असते, तिचं विवरणपत्र भरून होतं, शेवटी ओटीपी लागतो आणि तो जातो तिच्या भावाच्या फोनवर. भाऊ त्या वेळी शेतात फवारणीवर. मग त्याला रेंज येईपर्यंत आम्ही दोघी चहा पितो. असा किती चहा मी प्यायले असेन, त्याचा हिशेब मात्र कुठल्याही विवरणपत्रात नाही.

या चहाला कंटाळूनच मी एक नियम केला. ज्याचं खातं, त्याचा नंबर. आणि त्याच्या जोडीला दुसरा: ज्याचा कागद, त्यानं स्वतः येऊन बोलायचं. खताच्या दुकानाच्या पिशवीत सगळ्या घराचे आधार-पॅन कोंबून एकट्यानं यायचं आणि "मी सांगतो न सगळ्यांचं" म्हणायचं, हे माझ्याकडे चालत नाही. यापायी काही लोक दुसऱ्या ऑफिसात गेले. जाऊ देत. मला तशीही लवकर चीड येते, आणि चिडलेल्या सल्लागाराकडून कुणाचं भलं होत नाही.

एक निवृत्त मुख्याध्यापक दरवर्षी बायकोला घेऊन येत. मी त्यांच्या बायकोला विचारलं, तुमची बचत कुठे कुठे आहे, की उत्तर हे देत. एकदा मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "सर, त्यांना बोलू द्या." ते मोठ्या मायेनं म्हणाले, "अहो, तिला आकड्यांचं फारसं कळत नाही." बाई शांतपणे म्हणाल्या, "तीस वर्षं गणित शिकवलं मी." सर पंख्याकडे बघत बसले. त्या दिवसापासून बाई एकट्या येतात आणि सरांचे कागदही त्याच आणतात.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे चोरवाटा दाखवणं. मार्चच्या शेवटी धापा टाकत येतात, "मॅडम, काहीतरी वाचवा." त्यांना मी सांगते, तहान लागल्यावर विहीर खणायला निघालात. खरं काम एप्रिलमध्ये असतं आणि ते फार साधं असतं. घरात कोण कोण आहे, कुणाला काय मिळतं, पुढच्या दोन-चार वर्षांत काय येऊ घातलंय, लग्न की शिक्षण की गुडघ्याचं ऑपरेशन, हे विचारायचं. त्यासाठी पैसा कुणाच्या नावानं कुठे ठेवायचा ते ठरवायचं. कायद्यानं ज्या सवलती दिल्यात त्या वेळेवर घ्यायच्या. बस. अवघड असतं ते एवढंच, की घरातल्या प्रत्येकाला "तुम्हाला काय पाहिजे" असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं.

मी इतक्या हट्टानं विचारते, ते हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता म्हणून असेल कदाचित.

माझं माहेर अकोल्याचं, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातलं. वडील गेल्यावर वर्षभरानं भावाचा फोन आला. म्हणाला, "बुधवारी ये, हक्कसोड करून घेऊ." आमच्याकडे यात वेगळं काही नाही. बहिणी येतात, बापाच्या मिळकतीवर आपला हक्क नाही असं लिहून देतात, भाऊ साडीचोळी करतो, वहिनी पुरणपोळी वाढते, आणि माहेरचं दार उघडं राहतं. निबंधक कार्यालयातल्या कारकुनानं खाली बघतच विचारलं, "राजीखुशीनं करून राहिल्या न?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. भाऊ माझा चांगला आहे, वडिलांचं शेवटचं दुखणं त्यानंच काढलं. हिरवी साडी मिळाली, ती मी हौसेनं नेसले. पण परत येताना बसमध्ये मूर्तिजापूर आलं तरी मन कशात लागेना. वडिलांचं घर मी दिलंच असतं. त्यानं मागितलं असतं तर आनंदानं दिलं असतं. पण त्यानं मागितलं नाही, तारीख सांगितली. ते मला लागलं, आणि अजून लागतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी भातकुली रस्त्याकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले. पंचेचाळिशीचे, पांढरा शर्ट, बोलणं तुटक. त्यांच्या वडिलांची काही जमीन वाढत्या शहराच्या हद्दीत सापडली होती. शेजारी प्लॉट पडले होते आणि एका संस्थेला ती शाळेसाठी हवी होती. वडील वारलेले. सातबाऱ्यावर तीन नावं लागली होती, आईचं, यांचं आणि नांदगाव खंडेश्वरला दिलेल्या एकुलत्या एका धाकट्या बहिणीचं.

"शहरात आली जमीन म्हणून टॅक्स लागते म्हनतात," ते म्हणाले. "किती लागन ते सांगा. माय आन् बहीन सोमवारी हक्कसोड करून देऊन राहिल्या. मंग मी एकलाच इकतो."

"एकट्यानंच विकली तर सगळा कर तुमच्या एकट्याच्या डोक्यावर," मी म्हटलं. "पैशाचं काय करणार?"

त्यांनी सांगितलं. थोडी जमीन आत खेड्याकडे घ्यायची, आणि उरलेल्या पैशातून अमरावतीत रस्त्यावर गाळा घेऊन कृषी केंद्र टाकायचं. बियाणं, खत, औषधं. हे त्यांचं जुनं स्वप्न होतं, ते सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. शेतीच्या बदल्यात शेती घेतली तर त्या रकमेवर कर नाही. गाळ्याला मात्र सूट नाही, तेवढ्यावर कर भरावाच लागेल. आकडा त्यांच्यापुढे फिरवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"एवढा? बापजाद्याच्या जमिनीवर?"

"तिघांच्या नावानं विकली तर कमी होईल. प्रत्येकाचा हिस्सा वेगळा धरतात, प्रत्येकाची सवलत वेगळी. हक्कसोड थांबवा आणि दोघींना घेऊन या."

"मी सांगतो न त्यायचं."

मी बोटानं भिंतीवरची पाटी दाखवली. ज्याचा कागद, त्यानं स्वतः. ते पुटपुटत गेले, पण आठवड्यात तिघंही हजर झाले. माय सत्तरीला टेकलेल्या, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. बहीण चाळिशीच्या अलीकडची. भाऊ टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले, माय शेजारी, आणि बहीण दाराजवळच्या बाकावर. मी उठून तिसरी खुर्ची टेबलाशी आणली आणि ती बसेपर्यंत उभी राहिले.

"तुमच्या हिश्श्याचे पैसे आले तर तुम्हाला काय करावंसं वाटतं?" मी तिला विचारलं.

तिनं भावाकडे पाहिलं. "दादा म्हनते तसं."

मायला विचारलं. मायनं मुलाकडे पाहिलं. "तो पाहून घेईन."

भाऊ खुशीत म्हणाले, "पाहा मॅडम, आमच्यात भानगड नाही. नावं तिघांची राहू द्या, टॅक्स वाचू द्या. पैसा तं एकच आहे. आला का हे माह्याकडं वळता करतीन. बहिनीनं भावाले देलं त्याले टॅक्स नाही न?"

"नाही," मी म्हटलं. आणि नाहीच. भावाबहिणीत कुणी कुणाला काही दिलं तर घेणाऱ्याला कर नाही. हे मला सांगावंच लागलं, कारण विचारलं ते खरं सांगणं हे माझं काम. पण कुठला आकडा आधी सांगायचा आणि कुठला नंतर, एवढं माझ्या हातात असतं.

"पण भाऊ, त्यांनी तुम्हाला पैसे दिले म्हणून त्यांचा कर सुटत नाही. जमीन त्यांनी विकली, तर त्यांच्या हिश्श्याचा कर त्यांनी आधी भरायचा. उरेल ते तुमच्याकडे येईल."

"किती?"

मी आकडा लिहिला. एकट्यानं विकण्यापेक्षा कमी होता, पण भल्या माणसाची झोप उडावी इतका होता.

"हा बी वाचवाची काही सोय?"

"आहे. त्यांच्या नावावर घर आहे का कुठे?"

"कुठचं घर? भाड्यानं राह्यते. जवाई खाजगीत डायवर आहे."

"मग त्यांच्या हिश्श्यातून त्यांच्याच नावानं राहतं घर घ्या. पैसा सगळा घरात गेला तर एक रुपया कर नाही. पण घर त्यांच्या एकटीच्या नावानं, आणि तीन वर्षं विकायचं नाही. विकलं तर वाचलेला कर परत लागतो."

खाली पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता. भाऊंनी कागद उचलला, दोन्ही आकडे पाहिले, गाळ्याचा हिशेब मनात केला असावा. हा माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. बापानंतर जमीन त्यानंच कसली होती, बहिणीचं लग्न त्यानंच केलं होतं. पण बहिणीला काही हवं असेल ही गोष्टच कधी त्याच्या मनात आली नव्हती. तेही दुष्टपणानं नव्हे; आपल्याच हाताला काय हवं हे कुणी विचारत नाही, तसं.

शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला. "सरकारच्या घशात घालन्यापरीस बहिनीच्या घरात गेलेलं बरं," ते म्हणाले. मग उठता उठता, "तीन वर्ष तं तीन वर्ष. मंग पाहू."

ते "मंग पाहू" बहिणीनंही ऐकलं. मी तिच्याकडे बघत होते. आनंद झालेला माणूस जसा दिसतो तशी ती दिसत नव्हती. हातातलं कुणी केव्हाही काढून घेईल याची सवय असलेलं माणूस दिसतं तशी दिसत होती.

"घर कसं पाहिजे?" मी विचारलं. या वेळी तिनं भावाकडे पाहिलं, पण तो दारात चपला शोधत होता.

"नळ घरात पाह्यजे," ती हळूच म्हणाली. "आता मालकीनीच्या आंगनातून पानी आना लागते. तिचं झाल्यावर."

जमीन विकली गेली. पैसे जमा व्हायच्या आधी मी तिच्या खात्यावरचा नंबर बदलायला लावला, कारण नांदगावच्या या बाईच्या खात्याचे मेसेज लग्नानंतरही भातकुलीला जात होते. बँकेनं तिला फेऱ्या मारायला लावल्या. आधी आधारचा नंबर, मग पॅन, मग खातं. ती प्रत्येक वेळी बसनं आली आणि प्रत्येक वेळी काम झालं की मला सांगून गेली. पैसे आले त्या दिवशी तिनं फोन केला. म्हणाली, "मॅडम, मेसेज मले आला." फोन मात्र ठेवून देईना. मीच मग घराचं काय झालं ते विचारलं.

घर तिनं अमरावतीच्या कडेला घेतलं, बैठं, दोन खोल्यांचं. नवऱ्यालाही शहरात गाडीवर काम मिळालं. मायचा कर भरून उरलेला हिस्सा मी मायच्याच नावानं ठेवीत टाकायला लावला, व्याज दर तिमाहीला तिच्या खात्यात. वास्तूला मला बोलावणं होतं. भाऊंनी रीतीप्रमाणे बहिणीला आहेर केला, जेवणावळीत स्वतः वाढलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे तीन वर्ष खरेदीच्या तारखेपासून धरतात का ताबा घेतल्यापासून?" मी जिलबी तोंडात असल्याचं निमित्त करून मान डोलावली.

त्यानंतर दर जुलैत तिघं येत. भाऊंनी आपल्या हिश्श्यातून घेतलेली शेती चांगली चालली होती. गाळा मात्र राहिलाच. दरवर्षी त्यांच्याकडे नव्या गाळ्याची माहिती असायची. हा नाक्यावर आहे, तो मार्केट यार्डाजवळ. बहीण ते ऐकायची आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. घराला तिनं रंग दिला नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "देऊ मंग." मला तिचा राग आला. तिच्यापेक्षा जास्त माझाच आला असेल. कायद्यानं तिला तीन वर्षं मिळवून देणं माझ्या हातात होतं, चौथ्या वर्षाचं माझ्या हातात काही नव्हतं.

ते चौथं वर्ष गेल्या जुलैत आलं. तिघं माझ्यासमोर बसले. खुर्च्या आता मला हलवाव्या लागत नाहीत. भाऊ खाकरले.

"मॅडम, तीन वर्ष झाले. आता घर इकता येते न? टॅक्सची काही भानगड?"

"विकता येतं," मी म्हटलं. "जुना कर परत लागणार नाही. जो नफा होईल त्याचं वेगळं बघू."

"मार्केट यार्डाजवळ गाळा निघाला आहे. बहीन मंग येईन आमच्याच वाड्याशेजारच्या खोलीत, जवाई जाईन येईन. माय बी खुश राह्यीन." ते अगदी सरळ मनानं बोलत होते. सगळ्यांची सोय लावली होती त्यांनी.

मी माझी खुर्ची बहिणीकडे वळवली. "घर तुमचं आहे. तुम्हाला काय पाहिजे?"

आणि मी गप्प राहिले. हे गप्प राहणं मी इतकी वर्षं करत आले, पण त्या दिवशी ते मला जड गेलं. ती काय म्हणणार हे मला माहीत होतं. मी स्वतः तेच म्हटलं होतं, त्या कारकुनासमोर.

तिनं भावाकडे पाहिलं नाही. मायकडे पाहिलं. माय तिच्याकडे न बघताच पिशवीचे बंद सारखे करत म्हणाल्या, "माह्याकडं काहून पाहतं? मी का मालकीन आहो?"

मग बहीण म्हणाली, "नाही इकत, दादा."

आवाज एवढा लहान होता की भाऊंनी "काय?" म्हणून विचारलं.

"घर नाही इकत मी. तुले गाळ्यासाठी लागन तं माह्याजवळ शिलाईचे जमवलेले पैसे आहेत, ते देते. मांगून घे. पण घर नको मांगू."

भाऊ रागावले असते तर मला काय करायचं ते कळलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून गाळ्याच्या माहितीचा कागद काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. "मले वाटलं, तुले चालन," ते म्हणाले. "तू कधी बोललीच नाही."

"तू कधी इचारलंच नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मग मी कामाला लागले, कारण बाकी काही सुचेना. तिचं विवरणपत्र भरलं, शेवटचं बटण दाबलं, आणि तिच्या पिशवीत फोन वाजला. तिनं चष्मा लावून ओटीपी वाचून दाखवला, एकेक आकडा सावकाश. भाऊंनी सवयीनं स्वतःचा फोन बाहेर काढला होता, तो त्यांनी परत खिशात ठेवला.

निघताना मी मायला विचारलं, "आता भातकुलीला का मावशी?"

आमच्याकडे जुन्या बायका लेकीकडे मुक्काम करत नाहीत. लेकीच्या घरचं पाणीही जड मानणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून तर विचारलं. माय पायऱ्यांपाशी थांबल्या. त्यांचे आईबाप, भाऊ, सगळे केव्हाच गेलेले. माहेरचं गाव कुठलं ते एकदा त्यांनी मला सांगितलं होतं, तिथे आता ओळखीचं कुणी उरलं नाही म्हणून.

"नाही व," त्या म्हणाल्या. "आठ दिवस माहेरी राह्यते." आणि लेकीच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.

बाहेर पुढची मंडळी बसली होती, खताच्या दुकानाची पिशवी मांडीवर घेऊन. मी त्यांना जरा थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. टॅक्सच्या ऑफिसात बाईनं रडत बसणं बरं दिसत नाही.